पीसीबीची भोकं: हाताने की सीएनसीने? माझा अनुभव

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) पीसीबीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाची, भोकं आपोआप अचूक पडतात, असं सांगणाऱ्याच्या हातात आधी व्हर्नियर द्यावा.

बोर्ड साधाच होता. एका बाजूला तांबं, १०० बाय ८० मिमी, टोनर ट्रान्सफर (लेझर प्रिंटची छाप तांब्यावर उमटवणं), मग नको असलेलं तांबं विरघळवायला फेरिक क्लोराइड. इथवर काही अडलं नाही. मशीन ३०१८, म्हणजे छोटं हौशी सीएनसी. पहिलं भोक पॅडच्या (पार्टची पिन जिथे सोल्डर होते ती तांब्याची टिकली) बरोबर मधोमध. पण उजवीकडे जाईल तसं भोक पॅडच्या कडेला सरकायला लागलं. शेवटच्या कनेक्टरचे पॅड १.८ मिमी, भोक १ मिमी, म्हणजे चहूबाजूंनी उरतं ०.४ मिमी तांबं. तिथे भोकाची कड थेट पॅडबाहेर.

ओरिजिन (मशीनचा शून्यबिंदू) तीनदा घेतला. व्यर्थ. ओरिजिन चुकला तर सगळी भोकं सारखीच सरकतात, इथे फरक वाढत होता. मग बोर्ड तिरका बसलाय म्हणून खटपट. तीही व्यर्थ. एक्सच्या दिशेने जाताना भोक वायमध्ये सरकत गेलं तरच बोर्ड तिरका. एक्समध्येच पुढे पुढे पडत गेलं तर माप चुकलंय. शेवटी छापलेला कागद मोजला: १०० मिमीची रेघ ९९.४ भरली! लेझर प्रिंटरमध्ये कागद ज्या दिशेने सरकतो, त्या दिशेला हमखास थोडी गफलत असते. मशीन बिचारं बरोबर होतं.

उपाय: आधी आडवी-उभी १०० मिमीची रेघ छापून मोजा. किकॅड या बोर्ड-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टस्क्रिप्ट (छपाईची फाइल) प्लॉट करताना दोन्ही अक्षांचं स्केल वेगळं देता येतं, तिथे कमी भरलेल्या अक्षाला १.००६. बोर्ड एच होऊन (नको ते तांबं विरघळून) गेला असेल तर उलट करा, फ्लॅटकॅममध्ये (मशीनसाठी फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर) ड्रिल फाइलच, म्हणजे भोकांच्या जागांची यादी, त्या अक्षावर ०.९९४ करा. आधी भोकं पाडून मग छाप घेतली तरी सुटका नाही, छाप त्याच चुकीच्या मापाची येते.

हाताने पाडताना हा प्रश्नच उद्भवत नाही. पॅडच्या मध्यावर तांबं गेलेला ठिपका असला की बिट आपसूक तिथे बसतो. त्यासाठी किकॅडमध्ये ड्रिल मार्क 'स्मॉल' ठेवा. मात्र ड्रिल सरळ धरणारा स्टँड हवाच. कार्बाइड बिट जरा तिरका झाला की तुटतो. आणि एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट एफआर४ (काचतंतूंचा बोर्ड) मधल्या काचेवर लवकर बोथट होतो, मग तांब्याला बर (खरखरीत कड) येते, पॅड उचलला जातो. ठाण्याहून मुंबईत लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाणारच असाल तर ०.८ चे बिट जास्तीचे घ्या, तेच तुटतात. रेझिस्टर, आयसीला ०.८, पिन हेडरला १, एम३ स्क्रूला ३.२.

मशीनवर बोर्डाखाली एमडीएफचा तुकडा, खोली २ मिमी (बोर्ड १.६ चा), फीड (बिट खाली जायचा वेग) मिनिटाला १०० मिमीच्या आत. काचेची धूळ उडते, पंखा बंद, तोंडाला मास्क, नंतर ओल्या फडक्याने पुसा.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: तांब्याच्या बाजूने भोकं पाडणार असाल तर ड्रिल फाइल मिरर (आरशातल्यासारखी उलटी) करा. एकच बोर्ड असेल तर मी अजूनही स्टँडच काढतो.