गोळ्या सुरू, दूधही सुरू

अंगावर पाजणाऱ्या बाईला ताप आला की घरात तिच्या दुखण्याआधी बाळाच्या दुधाची चर्चा सुरू होते. माझंही तसंच झालं. बाळ दोन महिन्यांचं, निव्वळ अंगावरच्या दुधावर. डाव्या बाजूला काखेकडे एक गाठ लागायला लागली, वरची त्वचा लाल झाली, हात लावू देईना, आणि संध्याकाळपर्यंत हुडहुडी भरून ताप आला. स्तनदाह झाला होता.

रविवार होता आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाहेरगावी होत्या. पुण्यात कर्वेनगरमध्ये जो दवाखाना उघडा मिळाला तिथे गेलो. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची 625 मिलिग्रॅमची अँटिबायोटिक गोळी आणि तापासाठी पॅरासिटामॉल लिहून दिलं. औषध योग्यच होतं, हे नंतर कळलं. पण चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ होती : कोर्स संपेपर्यंत स्तनपान बंद, पावडरचं दूध द्या. मेडिकलमध्ये विचारलं तर त्यांनी गोळ्यांबरोबर आलेला कागद उघडून दाखवला. त्यावरही स्तनपान करताना डॉक्टरांचा सल्ला घ्या असंच मोघम काहीतरी होतं. असे कागद कंपन्या स्वतःला सांभाळून लिहितात, त्यावरून आईला काहीच ठरवता येत नाही.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू जे खातेस ते दुधात उतरतंच ना? मग थोडे दिवस वरचं दूध देऊ. बाळाला बाधलं तर काय करायचं?" त्यांची काळजी खरी होती. पण मला दुसरीच भीती वाटत होती. छाती दगडासारखी झालेली असताना बाळाला अचानक तोडलं, तर दूध साचून दुखणं वाढेल. स्तनदाहात एकदम पाजणं थांबवलं तर गळू होण्याचा धोका वाढतो, म्हणजे मग पू काढण्यापर्यंत गोष्ट जाते. शिवाय दोन महिन्यांचं बाळ बाटलीला लागलं की परत अंगावर येईल याची खात्री कोण देणार?

म्हणून गोळी घेण्याआधी बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. मॅडमनी आधी मलाच प्रश्न विचारले. गोळीचं नाव आणि डोस काय? बाळाचं वजन आता किती? पूर्ण दिवसांचं होतं हे त्यांना माहीत होतं, तरी पुन्हा विचारलं. जन्मल्यावर कावीळ झाली होती ना, ती पूर्ण उतरली ना? मग म्हणाल्या, "गोळी घ्या आणि पाजत राहा. बाळांना संसर्ग झाला तर हेच औषध मी त्यांना सिरपमधून थेट देते. तुमच्या दुधातून जाईल ते त्याच्यापुढे काहीच नाही."

"काहीच नाही" म्हणजे किती, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यांनीच लॅक्टमेडचं नाव सांगितलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या साइटवर ही माहिती फुकट मिळते. एकेका औषधाचं नाव टाकलं की ते दुधात किती सापडलं, बाळांमध्ये काय दिसलं, सगळं वाचता येतं. आईने 1 ग्रॅम अमॉक्सिसिलिन घेतलं तर दुधात ते जास्तीत जास्त दर लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास सापडतं. पाच किलोचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं, म्हणजे त्याच्या पोटात मिलिग्रॅमभरसुद्धा जाणार नाही. त्याच बाळाला स्वतःला संसर्ग झाला असता तर दिवसाला शंभराच्या पुढे मिलिग्रॅम द्यावे लागले असते. हा हिशोब मी कागदावर मांडून सासूबाईंना दाखवला. त्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी तो दोनदा तपासला आणि म्हणाल्या, "मग पाज."

बहुतेक औषधं थोडी तरी दुधात उतरतातच. खरा प्रश्न किती उतरतात हा असतो. आईला तिच्या वजनाच्या मानाने जेवढं औषध मिळतं, त्याच्या तुलनेत बाळाला त्याच्या वजनाच्या मानाने किती मिळालं, हे बघतात. ते 10 टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चालतं, अर्थात औषध मुळातच घातक नसेल तर. अमॉक्सिसिलिनचा आकडा 1 टक्क्याच्या आसपास आहे. रेणू मोठा असेल तर तो दुधात जवळजवळ शिरतच नाही, रक्त पातळ करणारं हेपॅरिन त्यातलं. जेंटामायसिन या अँटिबायोटिकसारखी काही औषधं दुधात आली तरी बाळाच्या आतड्यातून रक्तात फारशी जात नाहीत.

गोळ्या सुरू झाल्या. मालिशवाल्या मावशी गाठ दाबून मोकळी करू म्हणत होत्या, त्यांना मी हात जोडून थांबवलं. जोरात दाबल्याने आतली सूज वाढते. मॅडमनी पाजून झाल्यावर थंड शेक घ्यायला सांगितलं होतं. बाळाला भूक लागेल तसं पाजायचं, पण रिकामं करायच्या नादात पंप लावून बसायचं नाही, कारण जास्त काढलं की शरीर जास्त बनवतं. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर सोनोग्राफी करून गळू नाही ना बघू, असंही त्या म्हणाल्या होत्या. ती वेळ आली नाही.

बाळाची शी मात्र पातळ झाली आणि लंगोटाच्या जागी थोडं लाल दिसायला लागलं. हे होऊ शकतं असं आधीच सांगितलेलं असल्यामुळे मी घाबरले नाही. बाळ पीत होतं, खेळत होतं, लघवी नेहमीसारखी होती. तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे दिसले, शीमध्ये रक्त दिसलं किंवा बाळ मलूल झालं तर लगेच दाखवायचं होतं. तसं काही झालं नाही. गोळ्या संपल्यावर शी आपोआप पूर्ववत झाली.

या सगळ्यात एक गोष्ट मला अजून खटकते. अँटिबायोटिकबद्दल घरातला प्रत्येक जण विचारत होता, पण बाळंतकाढ्यात काय काय आहे आणि ते दुधात किती उतरतं, हे कुणीही विचारलं नाही. अमॉक्सिसिलिन दुधात मोजलं गेलंय. काढ्यातल्या बऱ्याच वनस्पतींबद्दल असं मोजमापच नाही.

पुढे दाढ दुखली तेव्हा मी डेंटिस्टकडे बसल्याबसल्या सांगितलं, बाळ अंगावर पितं, इतक्या महिन्यांचं आहे. भूल द्यायच्या लिग्नोकेनला अडचण नव्हती. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन मिळालं. तेही दुधात नगण्य उतरतं. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून देताना त्यांनी दुधाची चव बदलू शकते, बाळ कुरकुर करेल, असं सांगितलं. रोजच्या नेहमीच्या डोसला पाजणं थांबवायची गरज नसते. एकदम 2 ग्रॅमचा डोस दिला तर काही डॉक्टर 12 ते 24 तास थांबायला सांगतात.

सगळंच चालतं असं मात्र नाही. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं टाळायला हवीत, काही बायकांच्या शरीरात त्यांचं जास्त तीव्र रूपात रूपांतर फार वेगाने होतं आणि बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2017 साली त्याबद्दल इशारा दिला. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर दूध कमी होऊ शकतं. सल्फा गटातली अँटिबायोटिक औषधं कावीळ असलेल्या नवजात बाळाच्या आईला देत नाहीत. जी6पीडी हे रक्तातल्या लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या आईला सल्फाही चालत नाही आणि लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइनही. मॅडम काविळीचं का विचारत होत्या, ते मला तेव्हा उमगलं.

केमोथेरपी किंवा किरणोत्सारी आयोडीनसारख्या उपचारांत खरंच थांबावं लागतं. आयोडीनच्या बाबतीत तर ते उपचार सुरू व्हायच्या बरंच आधीपासून. तुम्हाला कुणी पाजणं बंद करा म्हणालं, तर कोणत्या औषधामुळे, किती काळ आणि त्याऐवजी दुसरं काही देता येईल का, हे तिथेच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. थोड्याच काळासाठी थांबायचं असेल, तर तेवढे दिवस बाळाच्या वेळेला हाताने किंवा पंपाने दूध काढत राहा, म्हणजे परत पाजायला घेतलं की दूध येतं.