माळवदाच्या घरात अँप्लिफायर बसवताना

अँप्लिफायर घ्यायचं ठरलं आणि पहिलं काम निघालं ते खड्डा खणायचं. मराठवाड्यातल्या सेलूतलं आमचं घर जुनं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, तबकड्या आणि टर्नटेबल जपून ठेवलेलं होतं. त्यासाठी डाव्या-उजव्या दर बाजूच्या स्पीकरला 60 वॉट देणारा, क्लास एबी या घरगुती वापरातल्या नेहमीच्या प्रकारचा अँप्लिफायर पसंत केला. त्याला तीन पिनांचा प्लग, म्हणजे त्याची धातूची पेटी अर्थिंगला जोडलेली असणं गरजेचं. आमच्या बोर्डावर तिसरं छिद्र होतं, त्यामागे हिरवी वायरही होती. पण ती मीटरच्या पेटीपाशी येऊन नुसतीच लोंबत होती. मल्टिमीटर लावला तर फेज-न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास, आणि फेज-अर्थिंगमध्ये आकडा एका जागी ठरेना.

“वहिनी, इतकी वर्षं चालायलंय की सगळं. पंख्याला काय अर्थिंग लागतंय?” वायरमन म्हणाला.

लागतंच. पण अँप्लिफायरचं जास्त जपावं लागतं. आतल्या मेन्स (थेट पुरवठ्याच्या) वायरचं आवरण गेलं आणि ती पेटीला टेकली, तर अर्थिंग नसलेल्या पेटीत करंट उतरतो आणि सिग्नलच्या (आवाज आणणाऱ्या) वायरींवरून टर्नटेबलच्या धातूच्या भागांपर्यंत पोचू शकतो. तबकडी बदलायला हात तर तिथंच जाणार, आणि तो हात आबांचा. अर्थिंग धड असेल तर तोच करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडते. कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यानं लगेच कुदळ मागवली.

आपल्याकडची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये ती सुकते, भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून जागा निवडली ती न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूची. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. अर्थ टेस्टरनं मोजल्यावर रोध (तो जितका कमी तितकं बरं) पाच ओहमच्या आत आला. त्याच दिवशी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. अंगातून जमिनीकडे करंट जाऊ लागला तर ती क्षणात पुरवठा तोडते, आणि तिच्यावरचं टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबून बघते.

मग प्रश्न आला उष्णतेचा. क्लास एबी अँप्लिफायर घेतलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णता करूनच टाकतो. त्याची झाकणाची जाळी म्हणजे त्याचा श्वास. मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना खोलीतली हवाच तापलेली असते, तिच्यात तो किती निवणार? त्यात माळवदातून माती झडते, म्हणून आपल्याकडे टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यावर विणलेला रुमाल घालायची रीत. इथं तो चालत नाही. सुताराकडून पाठीमागून उघडी फळीची मांडणी करून घेतली, वर वीतभर मोकळी जागा सोडली, आणि माती अडवायला त्या फळीच्याही वर छताखाली जाड कापड ताणलं. जाळीवरची धूळ मऊ ब्रशनं काढते, तीही प्लग काढून, पेटी थंड झाल्यावर. या घराचा एक फायदा मात्र मोठा आहे: जाड मातीच्या भिंती आणि माळवद यांमुळे आवाज कमी घुमतो. सिमेंटच्या खोलीत ऐकलेला तंबोरा आणि इथला तंबोरा यांत फरक पडतो, हे मी ठामपणे सांगेन.

स्पीकरच्या वायरी प्लग काढलेला असतानाच जोडल्या. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, लाल लालला, काळी काळीला, आणि पिळलेल्या तारांतली एकही बारीक तार शेजारच्या टर्मिनलला लागत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात तपासलं. दोन्ही टर्मिनल एकमेकांना टेकली तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा खालच्या सुरात घूं ऐकू आली. वायरमनच्या ओळखीच्या एकानं तोडगा सुचवला: अर्थिंगची पिन काढून टाका. हे कुणी कितीही विश्वासानं सांगितलं तरी ऐकू नका. आम्ही सगळ्या सिग्नल वायरी काढल्या, घूं गेली; एकेक परत जोडत गेलो तर सेट-टॉप बॉक्सची जोडताच ती आली. केबलवाल्याच्या वायरीचं वेगळं अर्थिंग आत शिरत होतं. ती वायर काढून ठेवली. टर्नटेबलची बारीक अर्थची तार अँप्लिफायरच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला आवळली, तेव्हा उरलेली कुरकुरही थांबली.

सुरू करताना आधी टर्नटेबल, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर. आवाज कमीवरून वाढवायचा, आणि तो फाटल्यासारखा वाटला की लगेच मागं यायचं. फाटलेल्या आवाजानं ट्विटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) जळू शकतो, आणि दुप्पट वॉट दिले तरी आवाज वाढतो तो फक्त तीन डेसिबल. लाईट गेली की स्विच बंद करते, आणि आल्यावर पंखा नीट फिरू लागेपर्यंत थांबते. डीपीवर न्यूट्रल तुटलं तर घरात 400 व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, म्हणून या बोर्डाला जास्त-कमी दाबावर बंद होणारा कटआउटही लावलाय. अवकाळीचे ढग दाटले, कडकडाट ऐकू आला की स्विचवर भागत नाही, प्लगच काढायचा, तोही विजा डोक्यावर यायच्या आधी.

ओसरीवर आणखी एक जोडी लावावी असं आबांच्या मनात होतं. आमचे स्पीकर आठ ओहमचे. दोन जोड्या समांतर जोडल्या की भार चार ओहम होतो, आणि या अँप्लिफायरच्या मागं किमान सहा लिहिलंय. म्हणून मागच्या ए आणि बी या दोन जोडण्यांवरची एकच जोडी एका वेळी चालते: सकाळी ओसरीवर भजनं, संध्याकाळी आत तबकड्या. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा लावायचा; परत उडाला तर अँप्लिफायर दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा, झाकण घरी उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत चार्ज उरलेला असतो.