मामंजींची मिशी

‘ताई, चित्र अगदी नव्यासारखं होईल ना?’ साताऱ्यात माझ्याकडे जुनं चित्र घेऊन येणारा माणूस टेकायच्या आधी हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते : नाही होणार. नवं करायला मी चित्रकार नाही. रसायनशास्त्रात बीएस्सी केलं, मग दिल्लीला जाऊन चित्रांचं जतन-संवर्धन शिकले. ओढ मात्र त्याआधीची, शाळेच्या सहलीतली. औंधचं भवानी संग्रहालय तिथल्या संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलं. तिथं रविवर्म्याचं चित्र बघताना बाकीच्या मुली दागिन्यांवर बोलत होत्या आणि मी, हा रंग इतकी वर्षं कापडाला धरून कसा राहिला, याचा विचार करत होते. पैशाचं म्हणाल, तर सुरुवातीला शिकवण्यांवर घर चाललं.

गेल्या पावसाळ्यात वाईकडच्या एका वाड्यातून तैलचित्र आलं. पगडी, उपरणं, झुबकेदार मिशी. वरची धूळ-काजळी आधी काढायची. काडीला कापूस गुंडाळून तो लाळेनं भिजवायचा. हसू नका, लाळेतली एन्झाइम्स मळ छान सोडवतात. फक्त एक बोळा दोनदा तोंडात घालायचा नाही! त्याखाली व्हार्निश, काकवीच्या रंगाचं झालेलं. त्याला द्रावक लागतं, तेही आधी कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर लावून बघायचं. दिवसाला तळहाताएवढं साफ झालं तरी खूप. रंग जिथं उडालाय तेवढ्याच जागी मी रंग भरते, आणि तोही उद्या कुणाला पुसता येईल असा.

अतिनील दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर मागाहून लावलेला रंग काळा दिसतो. दिवा लावला, तर झुबका काळा ठिक्कर! मग इन्फ्रारेड फोटो काढला, तर त्याखाली पेन्सिलच्या रेघेसारखी बारीक मिशी. कुणीतरी नंतर हात मारला होता. म्हणजे चेहऱ्यावरचं व्हार्निश काढलं की झुबकाही जाणार.

मी फोटो दाखवले. घरातल्या आजी बघत राहिल्या. सासरे त्यांच्या लग्नाआधीच गेलेले, त्यांनी पाहिले ते या चित्रातच. ‘हे आमचे मामंजी नव्हेत,’ म्हणाल्या.

शास्त्र माझ्या बाजूनं आहे, पण साठ वर्षं त्या झुबक्याला नमस्कार करणाऱ्या बाईला मी काय सांगणार? पगडी आणि उपरणं उजळलंय. चेहऱ्याला हात लावलेला नाही. आजी दिवाळीनंतर कळवणार आहेत.