गोटा सापडला एका ओहोटीत, चिठ्ठीसाठी मात्र भांडावं लागलं

इंग्लंडमधल्या चारमथच्या किनाऱ्यावर अ‍ॅमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांची दगड झालेली वेटोळी कवचं, शोधायला निघालात की जो तो भरती-ओहोटीचं सांगतो, दरडींचं सांगतो. सापडलेला गोटा साफ करायला दिल्यावर काय होतं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, तेही आधीच सांगून टाकते.

शोधण्याचा भाग सोपा होता. इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये लाइम रीजिस आणि चारमथ या दोन गावांच्या मध्ये ब्लॅक व्हेन नावाचा काळा, चिखलट कडा आहे. तो सारखा ढासळतो आणि ज्युरासिक समुद्राचा तळ थोडा थोडा आजच्या किनाऱ्यावर आणून टाकतो. लाटा चिखल धुऊन नेतात, जड ते मागे राहतं. हिवाळ्यात, वादळ होऊन गेल्यावर, पाणी ओसरत असताना उतरायचं आणि भरती लागायच्या आत निघायचं. कड्याच्या पायथ्याशी रेंगाळायचं नाही. कड्यात खणायला मनाई आहे, खाली सुटं पडलेलं उचलायला हरकत नसते. शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचं काही हाती लागलं तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंदवायचं. मला मिळाला तो करड्या चुनखडीचा चपटा गोटा. त्याच्या कडेला जाड फासळ्यांचं जेमतेम बोटभर वळण बाहेर आलं होतं.

तिथेच हातोडी घालायचा मोह होतो, पण कवच कुठून तडकेल याचा भरवसा नसतो. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, असाही सल्ला मिळतो. तो या गोट्यांसाठी ऐकू नका. भोवतीचा दगड चुनखडीचा, आतला अ‍ॅमोनाइट कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा. आम्ल दोघांनाही खातं. खरं काम एअर पेनचं. दाबाच्या हवेवर एक टोकदार सुई अतिशय वेगाने आपटत राहते आणि दगड कणाकणाने उडतो. कवचाजवळ आल्यावर बारीक भुकटीचा फवारा मारून उरलेलं काढतात. हे यंत्र माझ्याकडे नव्हतं, म्हणून गोटा एका साफ करून देणाऱ्याकडे दिला. नाव लिहीत नाही.

"थोडे आठवडे लागतील," असं ऐकून मी निघाले. आठवडे गेले, ऋतू बदलला. फोन केला की "रांगेत आहे". मेल केला तर उत्तर नाही. काम सावकाश चालतं हे मला मान्य आहे. एका बोटाएवढी जागा मोकळी करायला अख्खी दुपार जाते, आणि घाई केली तर फासळ्यांवर सुईचे ओरखडे कायमचे राहतात. माझी तक्रार वेळेबद्दल नव्हतीच. माझा दगड हातात घेतलाय की अजून खोक्यातच पडलाय, एवढं एक वाक्य कुणी सांगत नव्हतं. देताना अर्धवट कामाचा फोटो पाठवायचं कबूल करून घ्या. नाही म्हणाले तर दगड उचला आणि दुसरीकडे जा.

शेवटी पार्सल आलं. अ‍ॅमोनाइट देखणा निघाला होता, हे कबूल केलंच पाहिजे. मध मिसळल्यासारखा तपकिरी कॅल्साइट, आणि आतल्या कप्प्यांच्या भिंती जिथे कवचाला मिळतात तिथल्या नागमोडी रेषा स्पष्ट. दगड देताना त्याचं नाव आणि ठिकाण लिहिलेली माझी चिठ्ठी सोबत दिली होती. परत आलेल्या चिठ्ठीवर मात्र वेगळ्याच अ‍ॅमोनाइटचं नाव आणि ठिकाण होतं: डॅक्टिलिओसेरास, व्हिटबी.

व्हिटबी तिकडे यॉर्कशायरमध्ये, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर! दुसऱ्याच कुणाची तरी चिठ्ठी माझ्या डब्यात आली होती, आणि माझी गेली होती.

फोनवर उत्तर मिळालं, "दोन्ही अ‍ॅमोनाइटच, आणि तुमचा झालाय छान." इथे माझं डोकं फिरलं. डॅक्टिलिओसेरासच्या फासळ्या बारीक, बाहेरच्या अंगाला जाऊन दुभंगणाऱ्या, आणि त्या अंगावर कणा, म्हणजे उंच उठलेली धार, नाही. माझ्या दगडावर फासळ्या ठसठशीत, एकेकट्या, आणि बाहेरच्या कडेने सरळ उठलेला कणा. हा अ‍ॅस्टेरोसेरास. ब्लॅक व्हेनच्या गोट्यांमध्ये तो मिळतो, वय १९ कोटी वर्षांहून जास्त. व्हिटबीचे डॅक्टिलिओसेरास १८ कोटींच्या आसपासचे. मधला फरक कोटभर वर्षांचा!

हा हट्ट उगाच नाही. अ‍ॅमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि समुद्रांतून दूरवर पसरल्या, म्हणून एकेक जात काळाचा एकेक पातळ काप दाखवते. १८५०च्या दशकात आल्बर्ट ऑपेलने त्याच आधारावर ज्युरासिक खडकांचे झोन, म्हणजे काळानुसार थर, पाडले. त्यातला ऑब्टुसम झोन अ‍ॅस्टेरोसेरासच्याच एका जातीच्या नावाने ओळखला जातो. कुठून मिळाला हेच हरवलं, तर उरते ती शोभेची वस्तू.

मी ठाम राहू शकले, कारण पुरावा होता. दगड सापडला तिथेच, मागे कडा दिसेल असा फोटो काढला होता. मागच्या बाजूला, जिथे सुई लागणार नव्हती, तिथे शाईने माझा क्रमांक घातला होता आणि तो तसाच शिल्लक होता. वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, जागा आणि कोणत्या दरडीखाली मिळाला ते लिहिलेलं. हे सगळं पाठवल्यावर सूर बदलला. माझी मूळ चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात सापडली आणि पोस्टाने परत आली. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने तक्रार केली होती का, मला माहीत नाही. केली नसेल तर त्याच्या कपाटात व्हिटबीचा दगड चारमथच्या नावाने बसला असता. हे मला अजून सहन होत नाही.

एक राहिलंच. किनाऱ्यावर सोनेरी चमकणारे नाण्याएवढे अ‍ॅमोनाइटही मिळतात, ते पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे. आणल्या आणल्या गोड्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत, मीठ काढा. पूर्ण वाळवा आणि सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा. दमट हवेत पायराइट कुजतो, पांढुरकी पूड सुटते आणि त्यातलं आम्ल खालची चिठ्ठीही खाऊन टाकतं. म्हणून चिठ्ठी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि तुटलेला तुकडा जोडायचा असेल तर पॅरालॉइड बी-७२ हा डिंक वापरा. तो अ‍ॅसिटोनने पुन्हा सोडवता येतो. चिठ्ठीची एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा, दगड कुणाच्याही हातात द्यायच्या आधी.