लायब्ररीच्या तळघरातली मंडळी

बॉस्टनजवळच्या आमच्या गावात वाचनालयाला वर्गणी नाही, अनामत नाही. पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड हातात. इमारतीचा खर्च, ग्रंथपालांचे पगार हे सगळं मुख्यतः घरपट्टीतून निघतं. यात आपल्याला नवल वाटायला नको, कारण 1965 च्या कर्नाटक ग्रंथालय कायद्याखाली बेळगावातही घरपट्टीबरोबर 6 टक्के ग्रंथालय उपकर आपण भरतोच. इथं वेगळी आहे ती 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' नावाची मंडळी.

अमेरिकेत गावोगावी अशी मंडळं असतात. गावातलेच लोक, त्यात निवृत्तांचा भरणा जास्त. आमच्याकडच्या मंडळाला वाचनालयाच्या कारभारात काडीचा अधिकार नाही. कुठलं पुस्तक घ्यायचं, कुणाला नेमायचं, यात ते नाक खुपसत नाहीत. ते फक्त पैसे उभे करतात, आणि तेही बरेचसे जुनी पुस्तकं विकून.

बेळगावच्या आत्याला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे रद्दी विकून कार्यक्रम करतात म्हण की!" तसंच. खरं ती रद्दी निवडणं केवढं किचकट काम आहे, ते मी तळघरात जायला लागल्यावर कळलं. लोक खोकीच्या खोकी आणून ठेवतात. बुरशीचा वास आला की खोकं बाहेर. विश्वकोशांचे जुने संच तर दारातूनच परत, कारण ते फुकटसुद्धा कुणी नेत नाही. उरलेलं प्रत्येक पुस्तक झटकायचं. आतून विमानाचं तिकीट निघतं, कुणाच्या नातवाचा फोटो निघतो. विक्रीच्या पहिल्या दिवशी जुनी पुस्तकं घेऊन पुढे विकणारे धंदेवाले मोबाइलनं बारकोड स्कॅन करत टेबलं पालथी घालतात. त्यांच्यावर आमच्या तळघरातल्या बायकांचा भारी राग, पण पैसे तेच जास्त देऊन जातात! शेवटच्या दिवशी पिशवीचा भाव: पिशवीत मावतील तेवढी पुस्तकं, दर एकच.

या पैशातून उन्हाळ्याच्या सुट्टीतले मुलांचे वाचन-कार्यक्रम होतात, संग्रहालयांचे सवलतीचे पास घेतले जातात, नव्यानं आलेल्यांसाठी इंग्रजी गप्पांचा वर्ग चालतो.

दिवाळीच्या सुमारास मुलांच्या गोष्टींच्या तासाला मी मराठी गोष्ट सांगितली. लेकीकडे तूपरोटी खायला निघालेल्या, भोपळ्यात बसणाऱ्या म्हातारीची. ऑक्टोबरात इथं घरोघरी दारात भोपळे मांडलेले असतात, त्यामुळे भोपळा काय ते समजवावं लागलं नाही. ग्रंथपालबाईंनी पुठ्ठ्याचा एवढा मोठा भोपळा केला होता, की एक कोरियन पोरगी त्यात बसली ती बाहेरच येईना. "टुणुक टुणुक" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. रंग, पुठ्ठा, खाऊ यांचं बिल फ्रेंड्सनी दिलं. खाऊ म्हणून शंकरपाळ्या चालल्या, पण काजू-बदाम नको अशी सक्त ताकीद होती. मुलांच्या ॲलर्जीची इथं फार धास्ती.

आपल्या सीमाभागात पदरमोड करणारे लोक कमी आहेत असं कोण म्हणेल? कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलनं गावकऱ्यांच्या बळावरच उभी राहतात, ग्रंथदिंडीला सगळं गाव लोटतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. पण आपला उत्साह मांडवापाशी जास्त रमतो. मांडव उतरल्यावर, एखाद्या साध्या शनिवारी, पोरांना गोष्ट सांगायला आणि पुठ्ठा-रंगांना पैसे द्यायला ठरलेलं कुणी असावं, असं मला फार वाटतं. मराठी गोष्ट, कन्नड गोष्ट, दोन्ही चालतील. गल्लीतली पोरं तशीही दोन्ही बोलतात.

हे आत्याला सांगितलं. तिला पटलं, पुस्तकविक्री सोडून. "पुस्तकं दान द्यायला कोण येतंय रे? वाचायला नेलेली परत आणून दिली तरी पुरे."