तिसरी लादी

दुपारी दक्षिणेकडच्या ग्रिलमधून आलेलं ऊन हॉलच्या तिसऱ्या लादीवर टेकलं, की ठाण्यात पावसाळा खरा संपला म्हणावं. थंडीचा पत्ता नसतो, पंखा पाचावरच असतो. पण सूर्य कलतो. जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर असलेला तो डिसेंबरअखेर भर बारालाही जेमतेम ४७ अंशांवर चढतो आणि तिरपा घरात शिरतो. मग चार महिने सावलीत सुखात वाढलेल्या अ‍ॅग्लोनिमाच्या, म्हणजे कुंडीतल्या त्या शोभेच्या झाडाच्या, पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे उठतात. लोक पाणी वाढवतात. पान भाजलंय हो, पाणी कशाला? कुंडी दोन हात आत ओढा.

रंगीत पानांचं कॅलेडियम मात्र याच सुमारास माना टाकतं, ते झोप आली म्हणून. पाणी हळूहळू तोडायचं, पानं वाळली की कंदासकट कुंडी कोपऱ्यात सरकवायची. दया येऊन पाणी घालत राहिलं तर कंद कुजतो. अळूही आखडतं, पानं तळहाताएवढी होतात, वडीला पुरत नाहीत.

धुळीबद्दल घोडबंदर रोडवाल्यांना काय सांगायचं! ओल्या सुती फडक्याने पान पुसावं, खालून जास्त, कारण कोरड्या हवेत कोळी कीड तिथेच जाळं विणते. दिसलीच, तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, ऊन उतरल्यावर फवारायचे. काही घरांत मनीप्लांटला खोबरेल चोपडतात, भांग पाडायचाच बाकी ठेवतात. त्या तेलावर धूळ अशी बसते की पुढे फडकंही हरतं.

ग्रिलमधल्या ट्रेत मेथी चार दिवसांत वर येते. कोथिंबीर लाडावलेली. एका धण्यात दोन बिया, म्हणून जुन्या बायका धणे चपलेखाली रगडत. लाटणंही चालतं, पण हलक्या हाताने. फाका हव्यात, धणेपूड नको. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरायचे, ट्रे सहा इंच खोल हवा. आठ-दहा दिवस काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी माती उकरून बघतं. ऑक्टोबरच्या उन्हात घाई केली, तर धड पानं धरायच्या आत रोप फुलावर जातं. म्हणून दिवाळीनंतर.

तयार व्हायला महिना-दीड महिना. तोवर वाशीच्या बाजारात कोथिंबिरीचे ढीग लागतात, जुडी मातीमोल होते. असो. धणे भिजत घातलेत.