काळी पाच आणि भाच्याची गिटार

भाचीच्या लग्नाला दोन महिने झाले. तेव्हाच लिहायचं होतं, पण आधी ऊन, मग पेरण्या, राहूनच गेलं.

आमचे नाना अमळनेर तालुक्यातल्या एका बँडमध्ये क्लारनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर ती जड टोपी. चौदा जणांचा बँड होता, आज सात उरलेत. नानांनी दात पडल्यावर क्लारनेट सोडलं. मुखनळी धरायला वरचे दात लागतात, कवळीवर ते नानांना जमलं नाही.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. बहिणीचं लग्न ठरल्यावर त्याने जाहीर केलं की नानांच्या बँडबरोबर मी वाजवणार. त्याची आई हसली. मला मात्र एक जुनी कॅसेट आठवली.

भुसावळला लोको शेडमध्ये नवीन लागलो होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या चाळीपलीकडच्या बंगल्यात एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. ऑस्ट्रेलियाला कायमचं जायचं म्हणून त्याने सामान विकायला काढलं. मी टेबलफॅन घेतला, त्यावर त्याने एक कॅसेट फुकट दिली. डीप पर्पल, इंग्लंडचा रॉक बँड. मला वाटलं नुसता धिंगाणा असेल, आणि निघाला अख्खा ऑर्केस्ट्रा. नुसता ऑर्केस्ट्रा असता तर मी ती कधीच पुसून भक्तिगीतं भरली असती. पण मध्येच गिटार यायची, ड्रम यायचा, आणि दोघं एकमेकांवर गुरकावायचे.

ते सगळं काय होतं हे फार नंतर कळलं. 24 सप्टेंबर 1969, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. डीप पर्पलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या जॉन लॉर्डने रॉक बँड आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी तीन भागांची रचना केली होती. लॉर्ड लहानपणापासून रीतसर पियानो शिकलेला. त्याच्या मॅनेजरने हॉल आधी बुक केला आणि मग त्याला सांगितलं की अमुक तारखेला वाजवायचं आहे. आपल्याकडे नाही का, तिथी आधी निघते आणि बाकीची पळापळ मागून. समोर रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, आणि काठी हातात धरलेला कंडक्टर माल्कम अरनॉल्ड. हा स्वतः सिम्फनी लिहिणारा माणूस. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या संगीताबद्दल त्याला ऑस्कर मिळालेलं. त्या संध्याकाळी त्याची सहावी सिम्फनीही वाजली, म्हणजे पाहुण्याला स्वतःच्या पंगतीत बसवून घेतलं म्हणायचं.

ऑर्केस्ट्राच्या लोकांना हे फारसं रुचलं नव्हतं. तालमीत एक सेलो वाजवणारी बाई उठून म्हणाली म्हणे, असल्या दुय्यम बीटल्सबरोबर वाजवायला मी आले नाही. मग अरनॉल्डने आपल्याच लोकांना झापलं. मला हा माणूस तिथे आवडला. लॉर्डने स्वर लिहिले हे खरं, पण दोन घरांचा मान सांभाळणारा कुणी मध्ये उभा नसता, तर ते कागद कागदच राहिले असते.

नाना डोळ्याच्या ऑपरेशनला भुसावळला आले तेव्हा ही कॅसेट मी त्यांना ऐकवली होती. एका डोळ्यावर पट्टी, खाटेवर आडवे. गिटारवर काही बोलले नाहीत. तिसरा भाग सुरू झाला, त्यात सहा मात्रांची चाल आहे. नानांचा हात आपोआप खाटेच्या कडेवर दादरा धरायला लागला. त्या चालीत मध्येच दोन-दोनचे तुकडे येतात. तिथे हात चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला, आणि नाना पट्टीखाली हसले.

‘‘हाऊ कोन शे समोर उभा?’’ त्यांनी विचारलं. मला तेव्हा कॅसेटच्या कव्हरवरून वाचलेलं एवढंच नाव ठाऊक होतं. अरनॉल्ड सुरुवातीला लंडनच्याच एका ऑर्केस्ट्रात ट्रंपेट वाजवायचा हे मला कळलं ते गेल्या वर्षी. तेही नानांना सांगितलं. म्हणाले, ‘‘ट्रंपेटवाला व्हता का? मंग तो समजी ली. कोन कोनाकरता थांबस, ते ट्रंपेटवाल्याले बठ्ठं कळस.’’

बँडमधल्या माणसाला हे विचारून बघा. चाळीस मात्रा गप्प बसायचं आणि एक्केचाळिसाव्या मात्रेला फुंक मारायची, हे वाजवण्यापेक्षा अवघड. डीप पर्पलची पोरंही म्हणे अरनॉल्डच्या मानेकडे टक लावून उभी असायची, आपली पाळी कधी येते बघत.

भाच्याला हे सगळं मी सांगितलं तर त्याने मला उलट दुसरंच ऐकवलं. पेंडेरेत्स्की नावाच्या पोलिश संगीतकाराची 52 तंतुवाद्यांची हिरोशिमावरची रचना. त्याच्या आवडत्या रेडिओहेड बँडचा गिटारवाला, जॉनी ग्रीनवूड, त्या म्हाताऱ्याचा भक्त. पुढे 2012 मध्ये दोघांच्या रचनांची एकत्र रेकॉर्डही निघाली. मी दहा मिनिटं ऐकलं. बँडवाले उन्हात सूर जुळवताना असाच आवाज येतो, एवढंच मला म्हणता आलं. भाचा रुसला.

सूर जुळवण्यावरून आठवलं, खरी अडचण तिथेच होती. नानांची एक चाल आहे, पाठवणीला वाजवायचे, भैरवीच्या अंगाची. तीच भाच्याला हवी होती. बँडचं क्लारनेट ‘सा’ म्हणून जे बोलतं ती काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी. गिटारची जाडी तार मोकळी सोडली की पांढरी तीन बोलते. म्हणजे काळी पाचच्या हिशेबाने तीव्र मध्यम, जो नानांच्या चालीत कुठेच नाही. पोरगा मजेत मोकळी तार छेडायचा आणि नाना चेहरा वाकडा करायचे, दाताखाली खडा आल्यासारखा.

दोन दिवस असे गेले. मग भाच्याने सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या. रॉकवाले हे नेहमी करतात म्हणे. जाडी तार काळी दोनवर आली, म्हणजे शुद्ध मध्यम. जाडीकडून पाचवी तार थेट काळी पाच, म्हणजे सा. या दोघींच्या मधल्या तीन कोमल निषाद, कोमल गंधार, कोमल धैवत, आणि सगळ्यात बारीक पुन्हा मध्यम. अख्खी गिटार भैरवीत बसली. मी हार्मोनियमवर एकेक तार तपासली तरी विश्वास बसेना. नाना एवढंच म्हणाले, ‘‘मंग पयलेच असं कराले काय व्हयनं व्हतं?’’

चालीचा अंतरा नानांना पूर्ण आठवत नव्हता. लिहून कुणी ठेवणार? लॉर्डचं लिहिलेलंही 1970 मध्ये हरवलंच की. पुढे मार्को द खूय नावाच्या एका डच संगीतकाराने रेकॉर्ड ऐकून, व्हिडिओ बघून सगळं पुन्हा लिहून काढलं आणि 1999 मध्ये त्याच हॉलमध्ये ते पुन्हा वाजलं. आमच्याकडे होती मावशीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. व्हिडिओवाल्याने पाठवणीवर सिनेमाचं गाणं चढवलेलं. गाणं सुरू व्हायच्या आधी नानांचं क्लारनेट जेमतेम अर्धा मिनिट ऐकू येतं. तेवढ्यावरून आणि नानांच्या गुणगुणण्यावरून अंतरा जुळवला. शेवटची ओळ माझी आहे, असा मला संशय आहे.

लग्नाच्या दिवशी त्रेचाळीस डिग्री. उन्हात पितळेचा सूर चढतो आणि तारा सैल पडून उतरतात, त्यामुळे दुपारी चार वाजता मंडपामागे दोघांची तोंडं दोन दिशांना. भाच्याने पुन्हा पिळून तारा वर आणल्या. सात जण, एक गिटार, आणि खुर्चीवर नाना, एक बोट वर.

मुखडा झाला. अंतऱ्याला क्लारनेटवाला थांबला, गिटार आत येणार, तेवढ्यात वरपक्षाचा डीजे सुरू झाला. छातीत धडधडायला लागलं. नानांचं बोट तसंच वर राहिलं. मी जाऊन त्या पोराला सांगितलं, पाच मिनिटं दे. त्याने कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं.

दहाला डीजे बंद झाला, कायद्याने. जेवणं उरकली. पाठवणीच्या आधी क्लारनेटवाला स्वतःहूनच मंडपात येऊन बसला. भाच्याचा अँप तोवर गाडीत गेला होता. नुसती गिटार वाजवली तर दोन हातांवर ऐकू येत नाही, म्हणून तो नानांच्या अगदी पायाशी बसला. नानांनी गिटारच्या लाकडावर तळवा टेकवला. मुखडा, अंतरा, माझी संशयास्पद ओळ, सगळं झालं. भाची रडत होती, ते तसंही ती रडणारच होती.

रात्री हवा थोडी उतरली होती. नानांनी हात काढला आणि भाच्याला म्हणाले, ‘‘बरोबर वाजाडं. पन तार चढेल शे.’’